अठ्ठाविसावी वस्तू

ऑलिव्हचे केस गेले, ते मरोळच्या गावठाणानं पचवलं. नखं काळी पडली, तेही पचवलं. पण तिच्या जिभेची चव गेल्याची बातमी आली आणि गल्लीतल्या बायांचं धाबं दणाणलं. मे महिना तोंडावर होता, आणि मे महिन्यात ऑलिव्ह बाटली मसाला करायची.

मुंबईच्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात बाटली मसाला म्हणजे चेष्टा नाही. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, एकेक वस्तू वेगळी भाजायची, सगळं कांडायचं आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत लाकडी काठीनं ठासून भरायचं. बाटल्या रिकाम्या करण्याचं काम ऑलिव्हचा नवरा फ्रेडी वर्षभर इमानेइतबारे करायचा. मग मटणात तोच मसाला, मासळीत तोच, वांग्यातही तोच. आणि एका घराचा मसाला दुसऱ्या घराशी कधी जुळायचा नाही. जुळला तर कुणीतरी चोरी केली असं समजायचं आणि दोन वर्षं बोलायचं नाही.

ऑलिव्हच्या सासरी एक जुनी वही होती. तिच्यात सत्तावीस वस्तू लिहिलेल्या होत्या, मापासकट. अठ्ठाविसावी लिहिलेली नव्हती. ती सासूनं सुनेला तोंडी सांगायची, आणि तीही अगदी शेवटी. ती भाजायची वेळ झाली की घरातल्या सगळ्यांनी उठून आत जायचं, दार लावून घ्यायचं. फ्रेडीच्या आईला सगळे आय म्हणत. आयनं ती वस्तू ऑलिव्हला सांगितली ती हॉस्पिटलच्या खाटेवर, तोंडावरची नळी बाजूला सारून. दुसऱ्या दिवशी आय गेली. आयच्या सासूनं सांगितली तीही अशीच, आणि आठवडा काढला नाही. त्यामुळे त्या घराण्यात बोलायची एक रीतच पडून गेली होती. नात्यात कुणीही अंथरुणाला खिळलं की लोक हळूच विचारायचे, "अठ्ठाविसावी सांगितली का?" काय विचारतायत ते लहान पोरालाही कळायचं.

ईस्टरच्या रविवारी मुलुंडहून शर्ली आली. ही फ्रेडीची धाकटी बहीण. हातात सुपाचा डबा आणि चेहरा मयताला आल्यासारखा.

"काय गो झालं तुझं, ऑलिव्ह! नुसती हाडं राहिली!"

"चार किलो वाढलेत," ऑलिव्ह म्हणाली. "स्टेरॉइड देतात. डोळे तपासून घे."

सूप अळणी होतं. आजारी माणसाला मीठ कशाला, असा शर्लीचा हिशेब. जेवणं झाली, फ्रेडी दात कोरत बसला, सून यव्होन ताटं उचलू लागली, तेव्हा शर्लीनं पोटातलं बाहेर काढलं. "मी काय म्हणते, देव न करो, पण यव्होनला अठ्ठाविसावी सांगून टाक. म्हणजे कसं, तुझंही मन मोकळं होईल."

यव्होनच्या हातातला चमचा खाली पडला. फ्रेडी भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे बघत बसला, जणू तिथून काही उत्तर येणार होतं.

"शर्ली," ऑलिव्ह म्हणाली, "तू सूप घेऊन आलीस की शवपेटीचं माप घ्यायला आलीस?"

"अगं, मी चांगल्यासाठी..."

"तुझं चांगलं तुझ्याकडे ठेव. मी मरतबिरत नाही. यंदाचा मसाला मीच भाजणार. दरवर्षीसारखा अंगणात, चुलीवर. चाळीस बाटल्या. आणि अठ्ठाविसावी माझ्याजवळच राहणार. जा, सांग जाऊन सगळ्यांना."

शर्लीला सांगायला सांगावं लागत नाही. ती मुलुंडला पोचायच्या आत गोराईपासून कुर्ल्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं, की ऑलिव्हनं शब्द दिला आहे.

शब्द देणं सोपं होतं. ऑलिव्हची खरी हालत काय होती ते तिचं तिला ठाऊक. ऑक्टोबरात डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत लाल दवेचे चार किमो झाले. ती दवा अंगात गेली की लघवीसुद्धा लाल व्हायची आणि पुढचे पाच दिवस ऑलिव्ह बादली जवळ घेऊन झोपायची. नर्सनं सांगितलं होतं, जरा पाय मोकळे करत जा. म्हणून ती सकाळी डोक्याला फडकं बांधून चर्चच्या मागच्या आंब्याखाली फेऱ्या मारायची. फ्रेडी लांबून बघायचा, तर ही वाकलेली, कधी गुडघ्यावर टेकलेली. त्याला भरून यायचं. त्यानं डोळे पुसत फादरना सांगितलं, ऑलिव्ह फार भक्तिमान झालीय, फादर, झाडाखाली गुडघे टेकून प्रार्थना करते. फादरनी पुढच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेत, तिचं नाव घेतलं.

मार्चपासून दर मंगळवारची दुसरी दवा सुरू झाली. बारा मंगळवार. ईस्टरपर्यंत सात झाले होते. ओकाऱ्या थांबल्या, पण बाकीचं सगळं बिनसलं. पाणी प्यायली तरी खिळा चोखल्यासारखं लागायचं. स्टीलचा चमचा तोंडात धरवेना, म्हणून यव्होननं आइस्क्रीमचे लाकडी चमचे आणून ठेवले. तोंड आलं होतं, आतून सोललेलं, मिरचीचा कणही सोसवत नव्हता. बोटांच्या टोकांना सतत मुंग्या, ब्लाउजचं हूक लागायला दहा मिनिटं. आणि नाक तर फितूरच झालं होतं. कांदा परतला की तिला रबर जळल्याचा वास यायचा, कॉफीला फिनेलचा. बाकीच्या बहुतेक वस्तूंचा तर वासच यायचा नाही.

जिला चव नाही, वास नाही, बोटांत जीव नाही, ती चाळीस बाटल्या मसाला भाजणार होती!

"जमणार नाही, ऑलिव्ह," फ्रेडी म्हणाला. तो विमानतळावर कार्गोत तीस वर्षं काढून रिटायर झालेला, वजन बघून माल उचलणारा माणूस. "यंदा पुड्यातला आणू. एक वर्ष काय बिघडतं?"

"पुड्यातला तू खा. माझ्या तेराव्याला."

"आपल्यात तेरावं नसतं."

"मग वाट बघत बस," ऑलिव्ह म्हणाली, आणि चूल कुठे मांडायची ते बघायला अंगणात गेली.

आधी थोडा करून बघावा, असं तिनं ठरवलं. बुधवार निवडला. मंगळवारी किमो झाला की दुसऱ्या दिवशी स्टेरॉइडच्या जोरावर ती भूत संचारल्यासारखी कामं करायची, आणि शुक्रवारी आडवी पडायची. यव्होन बँकेत गेलेली, मुलगा ॲश्टन जहाजावर, फ्रेडी मासळी आणायला गेलेला. ऑलिव्हनं गॅसवर लोखंडी तवा ठेवला. नाक गेलं तर गेलं, डोळे आहेत, कान आहेत. धणे रंगावर कळले. मोहरी आणि तीळ आवाजावर कळले. मिरच्या फुगल्या की उतरवायच्या, त्या डोळ्यांनी कळल्या. तिला हुरूप आला. बघा लेको, असं ती तव्याला म्हणाली.

मग तिनं तसबिरीमागे लपवलेला पत्र्याचा डबा काढला. अठ्ठाविसावी त्यात होती.

इथे घोडं अडलं. ती वस्तू मुळातच काळपट आणि सुकलेली. भाजताना रंग बदलत नाही, तडतडत नाही, फुगत नाही. तव्यावर पडली की तिचा एक वास उठतो, आणि क्षणभरात तो वास बदलतो. त्या क्षणाला उचलायची. आयचे शब्द एवढेच होते, "वास वळला की उचल." बावीस वर्षं ऑलिव्हचं नाक तो क्षण चुकलं नव्हतं. आज तिनं तव्यावर तोंड नेलं, श्वास ओढला, आणि तिला काहीसुद्धा आलं नाही. तिनं अंदाजानं दहापर्यंत मोजलं आणि उतरवलं. तेव्हा तिला दिसलं, की आपला अंगठा तव्याच्या कडेला टेकलाय आणि त्यावर पांढरा फोड आलाय. कधी भाजलं, कळलंच नव्हतं.

रात्री त्या मसाल्याचं मटण ताटात आलं. ऑलिव्ह स्वतः दहीभात घेऊन बसली आणि दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"झकास!" फ्रेडी म्हणाला. "एकदम आयच्या हातचं!" त्यानं आणखी वाढून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिखटाचं म्हणून त्यानं पुसलं.

यव्होननं एक घास घेतला आणि हात थांबवला. दोन वर्षांपूर्वी गोराईहून आलेली ही पोरगी. ऑलिव्हचं तिच्याशी वाकडं नव्हतं, पण तिला दोन खोडी होत्या. एक तर तिचं नाक. दूध नासायच्या आधी तिला कळायचं, शेजारच्या घरात काय शिजतंय ते ती जिन्यात सांगायची. आणि दुसरं म्हणजे तोंडावर खरं बोलायची.

"मम्मी, कडू झालंय."

"कडू?"

"खूप. मिरच्या, धणे बरोबर आहेत. त्यातलं काहीतरी एक करपलंय. पप्पा खोटं बोलतायत."

फ्रेडीचा घास हातातच राहिला. ऑलिव्ह त्याच्याकडे वळली.

"एकतीस वर्षं तू माझ्याशी भांडलास. मीठ कमी झालं तर ताट सरकवलंस. लग्नाच्या वाढदिवसाला डुकराचं सोरपोतेल बिघडलं, तर पाहुण्यांसमोर बोललास. आणि आज कडूजहर मटण दोनदा वाढून घेतोस? मेलेल्या माणसाशी असं गोड बोलतात, फ्रेडी. मी अजून इथं बसलेय."

फ्रेडी हुंदके देऊन रडायला लागला. ऑलिव्हला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि स्वतःच रडून घेतलं. तिला भीती वाटत होती. चारचौघांत ती कितीही वाघीण झाली तरी आत हेच होतं. मसाला जमला नाही, तर अठ्ठाविसावी यव्होनला सांगावी लागणार. आणि ते नुसतं लोकांच्याच मनात होतं असं नाही. तिलाही आतून खात्री होती, की तो शब्द ओठाबाहेर पडला की पाठोपाठ आपण जाणार. आय गेली, आयची सासू गेली. आपण कोण मोठे लागून गेलो?

पुढच्या मंगळवारी ती किमोच्या खुर्चीत बसली. दोन्ही हात बर्फाच्या मोज्यांत, तोंडात बर्फाचा खडा. बोटं आणि तोंड त्यानं जरा वाचतात, असं नर्सचं म्हणणं. शेजारच्या खुर्चीत द्रौपदी होती, विक्रोळीची. मूळची मालवणची, ऑलिव्हच्याच वयाची, तिचेही हात बर्फात. सहा मंगळवार दोघी शेजारी बसत होत्या आणि एकमेकींच्या पोटाच्या तक्रारीसुद्धा त्यांना पाठ झाल्या होत्या. ऑलिव्हनं तिला कडू मटणाची सगळी कथा सांगितली.

"तुजा नाक गेला ना?" द्रौपदी म्हणाली. "मग सुनेचा घे. माजी बोटां चलनत नाय, तर मी घोवाक भाकरी थापूक बसवलंय. नकाशे थापता, पण थापता!"

"नाक घेतलं असतं गं. पण तिला चुलीपाशी उभी केली, तर डब्यात काय आहे ते तिला लगेच कळणार. आणि कळलं, म्हणजे मी सांगितल्यासारखंच."

"मग?"

"मग काय? आमच्यात सांगितलं की माणूस जातं." हसत हसत म्हणायला गेली, पण हसणं मध्येच राहिलं.

द्रौपदीनं तोंडातला बर्फ एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि तिच्याकडे निरखून बघितलं. "सांगलंस तर मरतलंस असा वाटता तुका? मगे ह्या सलाईन कित्याक लावून घेतंस? काढ आणि घराक जा!"

ऑलिव्ह वर टांगलेल्या पिशवीकडे बघत राहिली. थेंब पडत होते. आठ मंगळवार ती इथं येत होती, शीर सापडेपर्यंत चारचारदा टोचून घेत होती, पांढऱ्या पेशी कमी झाल्या की पोटात इंजेक्शनं घेत होती. हे सगळं कशासाठी? जगायला. आणि एका शब्दानं मरणार होती? तिला स्वतःचाच असा राग आला की बर्फाचा खडा कडकन चावला गेला.

डॉक्टरना विचारलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. चूल? धूर? मिरची? शेवटी दोन तासांवर तडजोड झाली. रक्ताचा रिपोर्ट बरा आला तरच, तोंडाला जाड मास्क, हातात मोजे, आणि बसून. "मास्क लावला तर वास कसा घेणार?" डॉक्टरनी विचारलं. त्याही मसालेवाल्या घरच्या असाव्यात. "वासाची सोय झालीय," ऑलिव्ह म्हणाली.

अकराव्या किमोच्या आदला सोमवार. रिपोर्ट बरा आला होता. सकाळी आठलाच अंगणातल्या क्रुसाशेजारी चूल पेटली. फ्रेडी लाकडं सारत होता. यव्होननं बँकेत रजा टाकली होती. शेजारच्या दोघी मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. आणि शर्ली मुलुंडहून आली होती, मदतीला म्हणून, पण खरं तर बघायला.

ऑलिव्ह बाहेर आली ती डोक्याचं फडकं काढूनच. उकाडा होता, आणि चुलीशेजारी फडकं कोण बांधणार? डोक्यावर नुकतीच कोवळी लव उगवायला लागली होती. तोंडाला पांढरा मास्क, हातात फ्रेडीचे कार्गोतले जाड मोजे. शेजारणींपैकी एकीनं पटकन मान खाली घातली. ऑलिव्ह म्हणाली, "बघून घे नीट. परत असं टक्कल बघायला मिळणार नाही. पुढच्या मेपर्यंत वेणी घालेन." ती बाई हसली आणि मग सगळ्याच हसल्या.

सत्तावीस वस्तू एकामागून एक झाल्या. ऑलिव्हचा हात चालू झाला की तो जुनाच होता. मोहरीला ती कान देत होती, धण्यांना डोळे. मध्ये दोनदा तिला बसल्याबसल्या घेरी आली, तेव्हा यव्होननं लिंबूपाणी लाकडी चमच्यानं पाजलं आणि कुणाला काही बोलली नाही. शर्ली मिरच्या पाखडताना नाकं मुरडायला काही मिळतंय का बघत होती, आणि मिळत नव्हतं.

सत्ताविसावी उतरली. शर्ली गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चला गो, आत चला." शेजारणी उठल्या. फ्रेडीनं लाकूड टाकलं आणि तोही निघाला. यव्होन सगळ्यांच्या मागून चालायला लागली.

"यव्होन, तू थांब," ऑलिव्ह म्हणाली.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. शर्लीच्या हातातलं पाखडायचं सूप निसटून मिरच्यांचं बी अंगणभर झालं. "ऑलिव्ह! सांगतेस? अगं, काय म्हणाले डॉक्टर? आम्हाला कुणी काही कळवलं नाही गो..." आणि तिनं तिथंच गळा काढला.

फ्रेडीचा चेहरा पांढराफटक पडला. "रिपोर्ट चांगला आलाय म्हणालीस ना? ऑलिव्ह? खोटं बोललीस माझ्याशी?"

"रिपोर्ट चांगलाच आहे. गप्प बसा सगळे. आणि कुणीही आत जायचं नाही. इथंच उभे राहा."

ती खुर्चीतून उठली. मोजे काढले, मास्क खाली ओढला. कमरेला बांधलेल्या फडक्यातून तो पत्र्याचा डबा काढला. बोलायला तोंड उघडलं. आय तिला दिसली, नळी बाजूला सारणारी. ऑलिव्हनं मनात म्हटलं, आय, माफ कर, मला नाही जायचं. मला अजून पुष्कळ भांडायचं आहे. मग तिनं छातीत हवा भरली, ऑपरेशनचा व्रण ताणला गेला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती ओरडली,

"आंब्याचा मोहोर! सुकवलेला आंब्याचा मोहोर!"

सगळे ऑलिव्हकडे बघत होते. शर्लीनं गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. खोटं कशाला बोला, ऑलिव्ह स्वतःही वाट बघत होती. एक क्षण गेला, दुसरा गेला. छाती धडधडत होती, म्हणजे चालू होती. सहार विमानतळावरून सुटलेलं एक विमान डोक्यावरून गेलं आणि त्याचा आवाजही विरला.

"काय बघताय?" ऑलिव्ह म्हणाली. "पडले का मी?"

पहिल्यांदा यव्होनला हसू फुटलं. फ्रेडी मात्र कपाळाला आठ्या घालून उभा होता. त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत होतं.

"म्हणजे फेब्रुवारीत तू आंब्याखाली गुडघे टेकून..."

"मोहोर वेचत होते. एकीकडे ओकत होते, एकीकडे वेचत होते. दरवर्षी वेचते. तुला यंदाच दिसलं, कारण यंदाच तू माझ्यावर पाळत ठेवलीस."

"आणि मी फादरना सांगितलं! फादरनी मिसाला तुझं नाव घेतलं, ऑलिव्ह!"

"बरं झालं. लागू पडलं असेल." तिनं मास्क वर ओढला, मोजे चढवले. "यव्होन, इकडे ये. मी मोहोर टाकते. आधी एक वास उठेल, गोड. तो उठला की लक्ष ठेव. त्याच्यात फरक पडला, की मला सांगायचं. 'वळला' म्हणायचं. मी मरायला टेकले म्हणून सांगत नाही, ध्यानात ठेव. माझं नाक सुट्टीवर आहे म्हणून सांगतेय."

"हो मम्मी."

"आणि खरं सांगायचं. पप्पांसारखं नाही."

यव्होन तव्यावर वाकली. ऑलिव्हनं मूठभर मोहोर सोडला. काळी तुसं लोखंडावर पसरली. ऑलिव्हला त्यातलं काही कळत नव्हतं, ना रंग, ना आवाज, ना वास. ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती. यव्होनच्या नाकपुड्या हलल्या.

"उठला," ती पुटपुटली. "अजून नाही. अजून नाही, मम्मी. थांब... वळला!"

ऑलिव्हनं तवा उचलून परातीत उलटा केला. बावीस वर्षांत इतक्या चपळाईनं तिनं तो कधी उलटला नव्हता. यव्होननं चिमूटभर मोहोर हातावर घेतला, चुरडला, हुंगला, आणि तिचे डोळे भरून आले. "मटणाला येतो तो वास हाच होता! दोन वर्षं मी शोधत होते, मम्मी. मला वाटलं, रामपत्री असेल."

"रामपत्री!" ऑलिव्ह म्हणाली. "गोराईवाले रामपत्रीच घालणार." पण ती मास्कच्या आत हसत होती, आणि सुनेच्या पाठीवर तिनं तो जाड मोजा ठेवला होता.

मसाला कांडपाच्या गिरणीत गेला, तोवर यव्होननं वही आणली. सत्तावीसच्या खाली तिनं अठ्ठावीस आकडा घातला आणि पेन थांबवलं. "लिहू?"

"लिही. गावानं ऐकलं, वहीनं काय घोडं मारलंय? आणि पुढच्या फेब्रुवारीत आंब्याखाली माझ्याबरोबर यायचं. बसून वेचायला दोघी लागतात."

शर्ली पायरीवर बसून डोळे पुसत होती. तिचा सगळा गोंधळ उडाला होता. इतक्या वर्षांचं घराण्यातलं बोलणंच मोडलं होतं. "हे काय गो केलंस, ऑलिव्ह?" ती म्हणाली. "आता कुणी आजारी पडलं, तर आम्ही विचारायचं तरी काय?"

ऑलिव्ह तिच्या शेजारी येऊन टेकली. पाय भरून आले होते, अंगठ्यावरचा जुना फोड मोज्यात फुटला होता आणि उद्या अकरावा होता. "विचारायचं, जेवलीस का," ती म्हणाली. "एवढं विचारायचं."

शर्लीनं नाक ओढलं. मग, जड जात असल्यासारखं, तिनं विचारलं, "जेवलीस का?"

"नाही. तोंड आलंय. सूप आणलंस का?"

"आणलंय."

"मीठ घातलंस?"

"घातलं ह्या वेळी."

"मग दे," ऑलिव्ह म्हणाली, आणि यव्होनला लाकडी चमचा आणायला सांगितला.